गेमला दहापैकी नऊ गुण, मग झोपेला किती?



मागच्या महिन्यात ओपीडीत एक चोवीस वर्षांचा मुलगा आला. एमआयडीसीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे. तक्रारी तीन: डोकं दुखतं, छातीत जळजळ होते, कामावर लक्ष लागत नाही. रक्तदाब 148/94. तंबाखू, मीठ, घरचा ताण, सगळं विचारून झालं. मग विचारलं, "झोपतोस किती वाजता?"

"सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, सर. जेवणखाण होईपर्यंत साडेबारा. मग थोडा गेम."

"थोडा म्हणजे?"

"चार वाजेपर्यंत."

आठ वाजता खोलीतली बाकीची मुलं उठतात, नळाला पाणी येतं, झोप मोडते. म्हणजे रोजची झोप चार तास. मी काही बोलायच्या आत त्यानेच बाजू मांडली. "गेम फालतू नाही, सर. यूट्यूबवर सगळ्यांनी दहापैकी नऊ दिलेत. एकदा हातात घेतला की सुटतच नाही म्हणतात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एखाद्या औषधाबद्दल "एकदा घेतलं की सुटत नाही" असं कोणी म्हटलं, तर आपण ते औषध कपाटात कुलूप लावून ठेवतो. गेमच्या बाबतीत हीच शिफारस कशी झाली? म्हणून गेले काही आठवडे मी गेमची परीक्षणं वाचली आणि पाहिली. आजचा लेख त्यावर आहे, आणि तो थोडा भांडखोर आहे. आधीच सांगतो, भांडण गेमशी नाही. ते गेमला गुण देणाऱ्यांशी आहे.

परीक्षक काय पाहतात?

चित्रं कशी आहेत, आवाज कसा आहे, कथा, लढाई, गेम अडकतो का, आणि किती तास चालतो. हे सगळं ते मन लावून पाहतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण खेळणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, याला त्या गुणपत्रिकेत रकानाच नाही. कुठे कुठे तर उलटा रकाना आहे: जितके जास्त तास, तितके जास्त गुण.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने 2020 मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. हातात त्रिशूळ, पुढे धनुष्य, आजूबाजूला राजस्थानी वाडे आणि किल्ले, आणि भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या देवांच्या कथा. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. परीक्षकांनी चित्रांचं आणि संगीताचं भरभरून कौतुक केलं. तक्रारी काय होत्या? लढाई थोडी अवघडलेली वाटते, शेवट अचानक येतो, आणि गेम लहान आहे, पाच-सहा तासांत संपतो.

पहिल्या दोन तक्रारी मला मान्य आहेत. माझ्या मुलीने लॅपटॉपवर लावून दिला म्हणून मी तो खेळलो. शेवट खरोखरच अर्धवट वाटतो. पण तिसरी तक्रार मी डॉक्टर म्हणून फेटाळतो. पाच-सहा तासांत संपतो हा दोष कसा? मी तो आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर तासभर खेळलो. ठरावीक टप्प्यावर खेळ आपोआप नोंदला जातो, त्यामुळे लॅपटॉप बंद करताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. आठवड्यानंतर गेम संपला आणि मी माझ्या पुस्तकांकडे परत गेलो. कादंबरी संपते, नाटक संपतं, क्रिकेटची मॅच संपते. संपणं हा करमणुकीचा आरोग्यदायी गुण आहे, आणि परीक्षकांनी नेमके त्याचेच गुण कापले.

न संपणाऱ्या गेमचं गणित

आता दुसरी बाजू पाहू. बीजीएमआयसारखे बॅटल रॉयल गेम घ्या. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये आणलेला 'इंडस' याच जातीचा. हे गेम संपत नाहीत. एक डाव साधारण अर्ध्या तासापर्यंत चालतो, तो मध्ये थांबवता येत नाही, आणि सोडला तर सोबतचे मित्र तोंडघशी पडतात. "शेवटचा एक डाव" हे वाक्य म्हणूनच रात्री तीन वाजता चौथ्यांदा बोललं जातं.

बीजीएमआय काही महिने बंद राहून मे 2023 मध्ये परत आला, तेव्हा त्यावर वेळेची मर्यादा आली: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास, मोठ्यांना 6 तास. मोठ्यांच्या मर्यादेचा हिशेब भोसरीच्या भाषेत करू. शिफ्ट 8 तास. चाकणला जाऊन यायचे 2 तास. गेम 6 तास. उरले 8 तास. त्यात स्वयंपाक, जेवण, आंघोळ, कपडे, गावाकडे फोन, आणि झोप. याला मर्यादा म्हणायचं की वेळापत्रक?

सज्ञान माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. ती नसेल तर काय होतं, याचा एक अभ्यास 1997 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. सलग 17 तास जागा राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. आमचा मुलगा सकाळी आठपासून जागा. म्हणजे रात्री एक वाजताच त्याचे 17 तास पूर्ण होतात, आणि तेव्हा गेमला नुकती सुरुवात झालेली असते. चार तासांच्या झोपेवर तो दुसऱ्या दिवशी प्रेससमोर उभा राहतो, आणि अपुऱ्या झोपेचं हे कर्ज रोज वाढत जातं. पॉवर प्रेसवर एका क्षणाची डुलकी म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. बोटं परत उगवत नाहीत.

परीक्षकांचे तीन बचाव

पहिला बचाव: "आमचं काम कला पाहणं आहे, तब्येत पाहणं नाही." याचं उत्तर परीक्षकांच्याच जमातीतून मिळालं आहे. डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' बाजारात आला. 'गेम इन्फॉर्मर' मासिकाच्या लिआना रुपर्ट यांना अपस्मार होता. परीक्षणासाठी खेळताना एका दृश्यातल्या वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे त्यांना झटका आला. त्यांनी ते दृश्य कुठलं आणि कसं टाळायचं हे जाहीरपणे लिहिलं. कंपनीने इशारा वाढवला आणि काही दिवसांतच ते दृश्य बदललं. एका परीक्षणाने जगभरातल्या किती झटक्यांना अडवलं असेल, विचार करा. हे परीक्षकाचं काम नव्हतं, असं कोणी म्हणेल का?

दुसरा बचाव: "वयाचं लेबल असतंच की." लेबलची गंमत ऐका. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम 2024 मध्ये आला, एकाच माणसाने बनवलेला. त्यात खरे पैसे लावता येत नाहीत, आत काही विकतही मिळत नाही. तरी पोकरचे हात दिसतात म्हणून युरोपातल्या पेगी या संस्थेने त्याला 18 वर्षांवरचं लेबल लावलं. 2025 च्या फेब्रुवारीत अपील झाल्यावर ते 12 वर आलं. आणि ईएच्या फुटबॉल गेमला, ज्यात खरे पैसे देऊन आत कोणता खेळाडू निघेल ते माहीत नसलेली बंद पाकिटं विकत घेता येतात, त्याला तेव्हा त्याच संस्थेचं लेबल 3 वर्षांवरचं होतं! लेबल चित्र पाहतं. मेंदूवर काम करते ती पाकिटाची रचना. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की प्राणी बटण दाबत राहतो, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकातच दाखवलं होतं. लॉटरीच्या टपरीवर रांग लागते ती याच कारणाने.

तिसरा बचाव: "पैशांचा सापळा असता तर आम्ही सांगितलं असतं." सापळा तुम्ही येऊन गेल्यावर लागतो, त्याचं काय? 'टेकन 8' जानेवारी 2024 च्या अखेरीस आला, परीक्षणं छापून आली, आणि गेमच्या आतलं दुकान उघडलं ते महिनाभराने. हॉटेलची तपासणी झाल्यावर स्वयंपाकघर बदललं, तर तपासनीस परत जातो. गेमचे परीक्षक क्वचितच परत जातात, आणि जुने गुण तसेच मिरवत राहतात.

दुसऱ्या टोकाशीही माझं भांडण आहे

"सगळे गेम बंद करा" म्हणणारे पालक आणि काही डॉक्टर मित्र इथपर्यंत वाचून खूश झाले असतील. त्यांनीही ऐकावं. जुलै 2024 मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये एका शाळकरी मुलाने आयुष्य संपवलं आणि बातम्यांत ऑनलाइन गेमचा उल्लेख आला. पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे येणारे पालक एकच विचारत होते, "गेम कोणता होता?" जणू नाव कळलं, तो काढून टाकला की मूल सुरक्षित! आत्महत्येमागे कधीही एकच कारण नसतं. मूल किती दिवस एकटं आहे, झोपतं का, जेवतं का, आपल्याशी बोलतं का, हे प्रश्न नावापेक्षा मोठे आहेत.

ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. मी तिचं स्वागत करतो. रमीत पगार घालवलेले पेशंट मी पाहिले आहेत. पण माझ्या ऑपरेटरने एक रुपयाही लावला नव्हता. त्याने लावली होती ती झोप.

आणि खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. निदानासाठी तीन गोष्टी लागतात: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हेही साधारणपणे बारा महिने दिसायला हवं. रविवारी चार तास खेळणाऱ्या मुलाला 'व्यसनी' म्हणू नका.

माझी गुणपत्रिका

परीक्षकांनी चित्रांना आणि कथेला हवे तितके गुण द्यावेत. फक्त शेवटी एक मिनिट या पाच प्रश्नांना द्यावं. ते देत नाहीत तोवर तुम्ही स्वतः विचारा:

1. गेम संपतो का? संपत असेल तर किती तासांत?
2. मध्येच थांबवता येतो का? आई जेवायला हाक मारते तेव्हा दोन मिनिटांत उठता येतं का?
3. एक दिवस खेळलं नाही तर शिक्षा होते का? रोज हजेरी लावल्याचं बक्षीस म्हणजे न येण्याचा दंडच.
4. पैसे कधी आणि कशासाठी मागतो? काय मिळणार हे आधी कळतं, की बंद पाकीट आहे?
5. लुकलुकणारे दिवे, बारीक अक्षरं, सतत हादरा, हे बंद करायची सोय आहे का?

'राजी' माझ्याकडून यात चांगल्या गुणांनी पास. 'बलाट्रो' पैशांच्या प्रश्नात पूर्ण गुण घेतो, पण डाव लहान असल्याने "अजून एक" म्हणायला लावतो, तिथे गुण कापले. बॅटल रॉयल गेम पहिल्या दोन प्रश्नांत नापास, मग चित्रं कितीही देखणी असोत. कुणी म्हणेल, डॉक्टरला गेममधलं काय कळतं? खरं आहे, फार कळत नाही. पण बिस्किटाची चव न कळणाराही पुड्यामागचं साखरेचं प्रमाण वाचू शकतो. ते तिथे छापलेलं असावं, एवढीच मागणी आहे.

त्या मुलाचं काय झालं?

त्याला गेम सोडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो परत आलाच नसता. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गेम रात्रीऐवजी सकाळी उठल्यावर, तोही गजर लावून दोन डाव. आणि रात्री दीडला मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला, एवढं ठरलं. दोन आठवड्यांनी रक्तदाब 134/86 होता, जळजळ कमी होती. एवढ्यावरून रक्तदाब झोपेनेच उतरला, असं मी म्हणणार नाही. पुढेही तपासत राहू. पण प्रेससमोर पेंग येत नाही, असं तो स्वतःहून म्हणाला.

तुमच्या घरात कोणाचं खेळणं हाताबाहेर गेल्यासारखं वाटत असेल, किंवा मूल गप्प आणि एकटं झालं असेल, तर फोन हिसकावण्याआधी शेजारी बसा आणि काय खेळतोस ते विचारा. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर थट्टा समजू नका, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आणि मराठीत गेमची परीक्षणं करणाऱ्या तरुण मित्रांनो, तुमचे व्हिडिओ माझे पेशंट पाहतात. पुढच्या वेळी "सुटत नाही" म्हणण्याआधी, पाहणाऱ्याला उद्या सकाळी कुठल्या मशीनवर उभं राहायचंय, एवढा विचार करा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)