पऱ्हाटी आणि सायझिंगचा बॉयलर

भिवंडीत दोन मागवाले भेटले की बोलणे सुताच्या भावावर येते. भाव चढला तर दोष गिरणीला, उतरला तर व्यापाऱ्याला. सुतामागे कापूस आहे आणि कापसामागे दोन-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे, हे मात्र आपण क्वचितच बोलतो. त्याचे पीक बुडाले की झळ मागापर्यंत पोहोचते. म्हणून कापसावरील संशोधन हे परक्याचे काम आहे, असे आम्ही मानत नाही.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळीची भीती गेल्यासारखी वाटली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही पचवू लागली आणि २०१७ मध्ये तिने विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला साधा आहे. कमी दिवसांचे वाण घ्या, हंगाम लांबवू नका आणि वेचणी संपताच पऱ्हाटी शेतातून काढा. उभ्या पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत अळी मुक्काम करते आणि पुढच्या पिकावर उतरते. सल्ला चांगला, पण पऱ्हाटी काढायला मजुरी लागते. काढलेल्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक नसेल तर ती मजुरी अंगावर पडते. मग ती बांधावर जाळली जाते, नाहीतर शेतात तशीच उभी राहते.

येथे आपला संबंध येतो. भिवंडीपासून फार लांब नसलेल्या माटुंग्यात १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तीच आजची 'सिरकॉट'. पऱ्हाटीचा भुसा करून त्यापासून फळ्या, तसेच जळणासाठी दाबलेल्या कांड्या आणि गोळ्या बनविण्याचे तंत्र या संस्थेने विकसित केले आहे. महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर जमीन असते. हेक्टरी दोनच टन पऱ्हाटी धरली तरी ८० लाख टन होते. आपल्या सायझिंगच्या बॉयलरला जळण रोज लागते. शहरातील धुराची तक्रारही आपल्याच घरच्यांची आहे.

अडचणी आहेत, हे आम्ही नाकारत नाही. सुटी पऱ्हाटी जागा फार व्यापते. ती ट्रकने भिवंडीला आणली तर भाडेच मालाला खाईल. भुसा आणि कांड्या शेताजवळच व्हायला हव्यात. बॉयलरच्या भट्टीत थोडा फेरफार लागेल. शिवाय पऱ्हाटी बारीक करून जमिनीत घातल्यास तिचा कस वाढतो. ज्याला ते परवडते त्याने तेच करावे.

आमची सूचना एवढीच की, सायझिंगवाल्यांपैकी चार-पाच जणांनी एकत्र येऊन माटुंग्याला जावे. एका बॉयलरवर महिनाभर कांड्या जाळून पाहाव्यात. जळण किती लागले, राख किती पडली, दर किती बसला, याचा हिशेब वहीत मांडावा. हिशेब जमला तर विदर्भातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीशी वर्षाचा सौदा करावा. भाव ठरलेला असावा आणि पैसे वेळेवर द्यावेत. उधारी थकली की धंदा कसा मोडतो, हे मागवाल्याला कोणी सांगायला नको.

हे दान नव्हे, व्यापार आहे. पऱ्हाटीला दाम मिळाला तर शेत वेळेवर मोकळे होईल, अळीचा मुक्काम हलेल आणि फवारणी कमी होईल. शेतकरी पुढच्या वर्षीही कापूस लावील. त्याने कापूस सोडला तर सुताच्या भावावर वाद घालण्यात काय अर्थ?