भिंतीवर टांगलेली वर्षं

आपल्याकडे घराघरात एक शोकेस असायची आणि त्या शोकेसमध्ये एक टी-सेट. 'पाहुणे आले की काढू' म्हणून ठेवलेला. पाहुणे यायचे, रोजच्याच कपांतून चहा पिऊन जायचे आणि टी-सेट मात्र जागचा हलायचा नाही. डेन्मार्कची मंडळी याच्या एक पाऊल पुढे गेली. त्यांनी मुळात वापरायचीच नाही अशी प्लेट बनवली! तिच्यात जेवायचं नाही, खाऊ ठेवायचा नाही. मागच्या बाजूला दोन बारीक भोकं असतात, त्यातून दोरा ओवायचा आणि प्लेट सरळ भिंतीवर टांगायची. पुढच्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी.

यांना म्हणतात 'यूलेप्लाटे', म्हणजे ख्रिसमस प्लेट. साधारण १८ सेंटिमीटरची, आपल्या क्वार्टर प्लेटएवढी. पांढऱ्या पोर्सिलेनवर निळं चित्र आणि त्यावर वर्षाचा आकडा. बस्स. मी गेली काही वर्षं या प्लेट्स जमवतोय. 'यात गुंतवणूक म्हणून काही अर्थ आहे का?' हा प्रश्न मला ऑफिसात इतक्या वेळा विचारला गेलाय की म्हटलं, आज एकदा नीट उत्तर देऊनच टाकू.

मोलकरणींचा खाऊ आणि मोडलेला साचा

या प्लेट्सच्या जन्माची एक गोष्ट सांगितली जाते. युरोपातली श्रीमंत घरं ख्रिसमसला नोकरमाणसांना फळं, केक, बिस्किटं द्यायची, तीही एखाद्या सुबक प्लेटमध्ये. खाऊ दोन दिवसांत संपायचा, प्लेट उरायची. रोजच्या वापरातली भांडी साधी असल्यामुळे ही एवढी सुंदर वस्तू वापरायची कशी? म्हणून ती भिंतीवर जायची. मग 'ही अमक्या वर्षाची, ती तमक्या वर्षाची' अशी आपापसात तुलनाही सुरू झाली.

या सवयीत धंदा आहे हे ओळखलं कोपनहेगनच्या 'बिंग अँड ग्रोन्डाल' या १८५३ साली सुरू झालेल्या कारखान्याने. हाराल्ड बिंग तेव्हा कारखान्याचे प्रमुख होते. १८९५ साली त्यांनी फ्रान्स ऑगस्ट हालिन या चित्रकाराकडून एक प्लेट करून घेतली. गोठलेल्या खिडकीच्या काचेतून दिसणारं कोपनहेगन आणि खाली 'यूल आफ्तेन १८९५', म्हणजे ख्रिसमसची संध्याकाळ. जेमतेम ४०० प्लेट्स निघाल्या असं मानतात. ख्रिसमस झाला की साचा मोडून टाकायचा. ती प्लेट पुन्हा काढायची नाही, म्हणजे नाही.

हा साचा मोडण्याचा नियमच सगळ्या खेळाचा आत्मा आहे. गेलेलं वर्ष परत येत नाही, तशी त्याची प्लेटही येत नाही.

शेजारचा थोरला कारखाना थोडा उशिरा जागा झाला. 'रॉयल कोपनहेगन' १७७५ सालचा, राणी युलियाना मारियाच्या आश्रयाने उभा राहिलेला. त्यांची पहिली ख्रिसमस प्लेट १९०८ची. क्रिस्तियान थॉमसेनने काढलेली माता मेरी आणि बाळ येशू. (आपल्याकडे 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ साली. सणाच्या निमित्ताने दर वर्षी एक नवी वस्तू, तिच्यावर वर्षाचा आकडा आणि ती जमवणारे हौशी लोक, ही कल्पना दोन्हीकडे साधारण एकाच वेळी रुजली. फरक एवढाच की आपले जुने अंक रद्दीत जातात आणि त्यांच्या प्लेट्स खिळ्यावर.)

पुढे पसारा वाढला. बिंग अँड ग्रोन्डालने १९१० ते १९३५ ईस्टरच्या प्लेट्सही काढल्या. ख्रिसमस ट्रीवर अडकवायचे पोर्सिलेनचे थेंब आले, घंटा आल्या. १९८७ साली दोन्ही कारखाने एकत्र आले. २०१३ पासून मालकी फिनलंडच्या 'फिस्कर्स'कडे आहे आणि बरंचसं उत्पादन आता थायलंडमध्ये होतं. पण वर्ष बदललं की नवी प्लेट, हा रिवाज सुटलेला नाही.

निळाच का?

कारण भट्टीला निळाच सोसतो! चित्र काढतात ते चकाकीच्या थराखाली. वरून ग्लेझ चढवून प्लेट सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या आगीत बहुतेक रंग उडून जातात, कोबाल्ट तगतो. गंमत म्हणजे भट्टीत जाताना हा रंग निळा दिसतच नाही, मळकट काळपट दिसतो. तो निळा होतो आगीतून बाहेर आल्यावर.

चित्र नुसतं रंगवलेलं नसतं, साच्यातच किंचित उठावाचं असतं. त्यावर कोबाल्ट देतात आणि मग हाताने पुसून काढतात. उंच भाग फिकट होतो, खोलगट भागात रंग साठतो. त्यामुळे बर्फाची पांढरी छपरं, मागचं धुकट आभाळ आणि खिडकीतला उजेड हे सगळं एकाच निळ्यात साधतं. शेवटचा हात माणसाचाच, म्हणून एकाच वर्षाच्या दोन प्लेट्स शेजारी ठेवल्या तर आभाळ थोडं वेगळं निघतं. मागे रंगवणाऱ्याची छोटीशी सही असते. मी तरी प्लेट हातात आली की आधी उलटी करतो.

१९४३ची प्लेट

उलटी केली की रॉयल कोपनहेगनच्या प्लेटवर तीन निळ्या लाटा दिसतात. ओरेसुंद, ग्रेट बेल्ट आणि लिटल बेल्ट या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनींची ती खूण. या लाटा मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या १९४३च्या प्लेटमुळे.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला. भट्ट्या चालू राहिल्या, प्लेट्स कमी निघाल्या, पण एकही वर्ष चुकलं नाही. १९४१चं चित्र खेड्यातल्या चर्चचं, १९४२चं जटलंडमधल्या जुन्या चर्चच्या घंटाघराचं. कसलीही घोषणा नाही, फक्त आपलं गाव, आपलं चर्च, आपला बर्फ. आणि १९४३ साली निल्स थॉर्सनने काढलं ते मेरी, जोसेफ आणि बाळ इजिप्तला पळून जातानाचं चित्र. राजा बाळाच्या जिवावर उठलाय म्हणून रातोरात घर सोडणारं कुटुंब!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. तेव्हा सामान्य डॅनिश माणसांनी सात हजारांहून जास्त लोकांना मासेमारीच्या होड्यांतून रात्रीच्या अंधारात स्वीडनला पोचवलं. कुठून? तर ओरेसुंद ओलांडून. प्लेटच्या मागची पहिली लाट.

प्लेटचं चित्र आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे यात संकेत वगैरे शोधायला मी जाणार नाही. पण त्या डिसेंबरात ज्यांच्या शेजारचं घर रिकामं होतं, त्यांनी ही प्लेट भिंतीवर लावताना काय पाहिलं असेल, हे वेगळं सांगायला नको. आणि १९४५ची प्लेट? मे महिन्यात देश मोकळा झाला आणि त्या वर्षीच्या चित्राचं नाव आहे, 'शांततेचं एक चित्र'.

आता पैशाचं बोलू

१९६९ साली बिंग अँड ग्रोन्डालने मदर्स डेची पहिली प्लेट काढली. कुत्री आणि तिची पिल्लं. दहा डॉलरच्या आत मिळणारी ही प्लेट अमेरिकेत काही वर्षांत शेकडो डॉलरवर गेली आणि लोकांची झोप उडाली. १९७३ साली जे. रॉडरिक मॅकआर्थर यांनी 'ब्रॅडफर्ड एक्स्चेंज' सुरू केलं. प्लेट्सचे भाव अगदी शेअरसारखे छापायचे, विकणारा आणि घेणारा जुळवून द्यायचे. साचा मोडलाय म्हणजे भाव वाढणारच, असा साधा हिशोब. लोक बॉक्स न उघडता प्लेट्स कपाटात रचायला लागले.

पण साचा मोडायच्या आधी किती प्लेट्स काढायच्या हे कारखान्याच्या हातात होतं ना! मागणी वाढली तशा प्लेट्सही वाढल्या. शिवाय ज्या वस्तू लोक पहिल्या दिवसापासून जपून ठेवतात, त्या दुर्मिळ होणार कशा? त्या घेणारी पिढी म्हातारी झाली, घरं रिकामी व्हायला लागली आणि एकदम सगळ्या प्लेट्स बाजारात. आज १८९५ची गोठलेली खिडकी किंवा युद्धकाळातल्या काही प्लेट्स यांना चांगली किंमत आहे. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या प्लेट्स मात्र जुन्या बाजारात अक्षरशः ढिगाने मिळतात.

तर ऑफिसातल्या मित्रमंडळींना उत्तर : नाही. गुंतवणूक म्हणून शून्य अर्थ. एसआयपी चालू ठेवा.

३९ ख्रिसमस, एक खोकं

मग मी का घेतो? कामासाठी कोपनहेगनला गेलो असताना एका शनिवारी फ्रेडरिक्सबर्गच्या टाउन हॉलमागे भरणाऱ्या जुन्या बाजारात गेलो होतो. एका बाईंच्या टेबलाखाली केळ्यांचं खोकं होतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लेट्स, अगदी क्रमाने लावलेल्या. पहिली १९५८ची, शेवटची १९९६ची. मधलं एकही वर्ष गळलेलं नाही. ३९ ख्रिसमस.

कुणाच्या, ते बाईंनाही माहीत नव्हतं. घर रिकामं करणाऱ्यांकडून आलेलं खोकं. पण काही प्लेट्सच्या मागे दोऱ्याला धूळ तशीच चिकटलेली होती. १९५८ साली कुणीतरी घर मांडलं असणार. १९९६ नंतर भिंतीवर पुढची प्लेट लावणारं कुणी उरलं नसणार. याहून जास्त काही कळायचा मार्ग नव्हता. मधली तीन वर्षं मी तिथेच टेबलावर ओळीने लावून पाहिली : १९७९, झाड निवडताना. १९८०, झाड घरी आणताना. १९८१, सजवलेल्या झाडाकडे बघत उभं राहिलेलं असताना. म्हणजे एक झाड पुरं व्हायला या मंडळींनी तीन वर्षं वाट पाहिली, त्याच भिंतीसमोर.

बाई म्हणाल्या, सगळं खोकं घेऊन जा. सांगितलेल्या पैशांत त्या शहरात दोघांचं साधं जेवणसुद्धा झालं नसतं. मी एकच घेतली. माझ्या जन्मवर्षाची, १९८५. चित्र स्नोमॅनचं. माळ तुटतेय हे दिसत होतं. मी तसं बोललोही. त्यांनी खांदे उडवले. 'सगळं एकत्र घेणारं कुणी येत नाही आता,' म्हणाल्या. 'एकेक करून जातात. निदान कुणाच्या तरी वाढदिवसाला जातात.'

ते वाक्य माझ्याबरोबर आलं. आपली पिढी ३९ वर्षं एका भिंतीसमोर राहणार आहे का? मी गेल्या बारा वर्षांत पाच घरं बदलली. भाडेकरारात भिंतीला खिळा ठोकायचा नाही हे कलम पाचही ठिकाणी होतं. आपल्याकडे फोटो हजारोंनी आहेत, सगळे फोनमध्ये, तारीख-वेळेसकट. पण या वर्षी आपण इथे होतो, असं घरात सतत डोळ्यांसमोर राहणारं काय आहे?

म्हणून माझा नियम वेगळा आहे. दर वर्षाची प्लेट नाही. ज्या वर्षाला नाव आहे, तेवढीच. बहिणीला मुलगी झाली ते वर्ष, आईबाबांच्या लग्नाचं वर्ष, पहिली नोकरी. आजोबा गेले त्या वर्षाचीही आहे. भिंत नाही म्हणून पुस्तकांच्या फळीवर ओळीने उभ्या केल्यात. सध्या सात आहेत. भाची आली की तिच्या वर्षाची प्लेट खाली काढून मागची सही बघते आणि मला विचारते, 'हे कुणी लिहिलंय, मामा?'

घ्यायचीच असेल तर

* आधी उलटी करा. तीन लाटा म्हणजे रॉयल कोपनहेगन, तीन बुरूज म्हणजे बिंग अँड ग्रोन्डाल. खुणेवरून आडवा ओरखडा असेल तर कारखान्यानेच तिला दुय्यम ठरवलंय. स्वस्त मिळाली तर घ्या, पण माहीत असू द्या.
* नखाने कडेवर टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरी. बद्द वाजली तर केसाएवढी चीर असू शकते.
* कडेवरून बोट फिरवा. टवका डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो.
* टांगायला उघडी तार वापरू नका, कड दुखावते. मागच्या भोकांतून मजबूत दोरा सगळ्यात बरा.
* आणि दुकानदाराला 'हिची किंमत वाढेल का?' असं विचारू नका. 'अमक्या वर्षाची आहे का?' असं विचारा.