बंधारा बांधला; गाळ कोण काढणार ?

पांझरा नदीच्या कांठीं फड पद्धतीचे बंधारे व पाट कित्येक शतकें चालले. त्यांचें आयुष्य अनुदानावर अवलंबून नव्हतें. पाणी वांटण्यास पाटकरी होता, पिकें राखण्यास जागल्या होता, आणि पाटांतील गाळ उपसण्यास खातेदार स्वतः येत.

उलटपक्षीं, इ. स. २०१४ त निघालेल्या जलयुक्त शिवार योजनेवर सुमारें ९,६३४ कोटि रुपये खर्च झाले, आणि २०२० त महालेखापरीक्षकांनीं भूजलवाढीच्या कामीं तिचा परिणाम अल्पच झाल्याचें नमूद केलें. आम्ही योजनेचे वैरी नव्हों. २०२३ त तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु बांधकामाचें बिल निघालें कीं खात्याचा संबंध संपला, हा शिरस्ता कायम राहिला तर हाही पैसा गाळांतच जाणार. रावेर-यावलच्या केळीबागांस ठिबकाचें अनुदान मिळतें. पण विहीरच आटली तर नळींत थेंब यावयाचा कोठून? बाग गेली कीं जळगांवच्या पेढ्यांसही तिची झळ लागते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नलगे.

यास्तव प्रत्येक बंधाऱ्याच्या मंजुरीबरोबरच त्याच्या देखभालीची वार्षिक रक्कम मंजूर व्हावी, ती गांवच्या पाणीवापर संस्थेच्या हातीं द्यावी, आणि तिचा हिशेब दरसाल चावडीवर लावावा.