पातळ पडदा, जड चुंबक आणि कापसाचा बोळा

प्लॅनर मॅग्नेटिक, म्हणजे सपाट पडद्याच्या चुंबकीय हेडफोनांसाठी २०१० च्या सुमारास हजार डॉलरच्या घरात रक्कम मोजावी लागत असे. आज त्याच तत्त्वावरील हेडफोन दीडशे डॉलरच्या आसपास मिळू लागले आहेत. भाव उतरला की ग्राहकाचा गोंधळ वाढतो, हे कोणत्याही पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. घरातील तरुण मुलगा अशा हेडफोनची मागणी करतो, त्याबरोबर वेगळा अॅम्प्लिफायर हवा म्हणतो, आणि चार दिवसांनी तोच मुलगा नवाकोरा हेडफोन उघडून त्यात कापूस भरताना दिसतो. हा खर्च आणि ही खटपट कितपत सार्थ आहे, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र हेडफोनच्या पोटात शिरल्याविना मिळत नाही.

नेहमीच्या हेडफोनमध्ये लाऊडस्पीकरचेच लहान रूप असते. पडद्याला बारीक तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. ती चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते आणि पडद्याला आपल्याबरोबर ओढते. जोर एका कड्यावर लागतो, उरलेला पडदा त्याच्या मागोमाग जातो, आणि उंच स्वरांवर त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रीतीने थरथरू लागतात. प्लॅनर रचनेत गुंडाळीच नाही. प्लास्टिकचा केसाहूनही कितीतरी पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो, त्यावर धातूची नागमोडी वाट उमटवलेली असते, आणि समोर वा दोन्ही बाजूंस चुंबकांच्या पट्ट्या रांगेने मांडलेल्या असतात. वाटेतून वीज वाहिली की जवळजवळ संपूर्ण पडद्यावर सारखाच जोर येतो. विकृती कमी राहते, विशेषतः खर्जात. आणि विद्युत्‌रोध सर्व स्वरांना जवळपास एकच असल्यामुळे कोणत्याही यंत्राला जोडले तरी आवाजाचा तोल सहसा ढळत नाही.

या गुणांची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. चुंबकांमुळे हेडफोन जड होतो, आणि पडदा-चुंबकांतील अंतर गुंडाळीच्या फटीहून मोठे असल्याने तेवढ्याच शक्तीत आवाज कमी निघतो.

रचना नवीन मुळीच नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९७६ साली एचपी-१ हा हेडफोन बाजारात आणला. त्याचे रूप इटलीचे वास्तुकार व रचनाकार मारिओ बेलिनी यांनी सिद्ध केले होते आणि यामाहाने त्या तंत्राला ‘ऑर्थोडायनॅमिक’ असे नाव दिले होते. त्याच दशकात जपानच्याच फॉस्टेक्सने स्वतःचे सपाट पडद्याचे हेडफोन काढले व तंत्राला ‘रेग्युलर फेज’ म्हटले. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे टी५०आरपी या नावात आजही टिकून आहेत. इतर बहुतेकांनी हा मार्ग पुढे सोडून दिला. फॉस्टेक्सने सोडला नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत रोज आपटला-फेकला जाणारा, दिसावयास ओबडधोबड आणि किमतीने माफक असा टी५०आरपी ती कंपनी करीत राहिली, आणि याच चिवटपणामुळे पुढची सारी कथा घडली.

हौशी मंडळींच्या हातात हा हेडफोन पडला, तेव्हा त्यांच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. आतला ड्रायव्हर, म्हणजे चुंबक व पडद्याची जोडी, किमतीच्या मानाने फारच उत्तम होता. त्याच्या भोवतीचे घर मात्र सामान्य होते. प्लास्टिकची वाटी पातळ, त्यामुळे ती स्वतःच घुमत असे. वाटीच्या आतून परतणारा आवाज पडद्यातून पुन्हा कानाकडे येई. आणि गाद्या चपट्या, त्यामुळे कानाभोवती हवाबंद बैठक मिळत नसे. ड्रायव्हर बदलणे घरी शक्य नाही, पण घर सुधारता येते. या एका निरीक्षणावर कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील डॅन क्लार्क यांनी धंदा उभा केला. मिस्टरस्पीकर्स या नावाने ते टी५०आरपी विकत घेऊन, त्यात सुधारणा करून ‘मॅड डॉग’ म्हणून विकू लागले. पुढे ‘अल्फा डॉग’साठी वाट्याच त्रिमितीय छपाईने नव्याने बनवल्या, आणि ड्रायव्हर तेवढा फॉस्टेक्सचा ठेवला. २०१५ साली ‘ईथर’ या हेडफोनात ड्रायव्हरही स्वतःचा आला. आज त्यांची कंपनी डॅन क्लार्क ऑडिओ या नावाने ओळखली जाते व तिचे हेडफोन हजारो डॉलरना विकले जातात. शिकागोच्या झेडएमएफचा आरंभही टी५०आरपीच्या ड्रायव्हरला लाकडी वाट्या बसवण्यातूनच झाला. दुसऱ्याच्या मालातील उणीव ओळखून तेवढीच भरून काढणे आणि त्या बळावर स्वतःचा माल उभा करणे, याचे याहून स्वच्छ उदाहरण सहजी सापडणार नाही.

घरी करावयाची सुधारणा त्याच मार्गाने जाते, फक्त साधने स्वयंपाकघरातील व मुलांच्या दप्तरातील असतात. वाटीच्या आतल्या भिंतीवर न सुकणारी तेलकट मॉडेलिंग क्ले पातळ थराने दाबून बसवतात. वाटीचे वजन वाढते, ती घुमेनाशी होते आणि मध्यसप्तकातील एक प्रकारचा डबाबंद आवाज ओसरतो. त्यावर सैल पिंजलेल्या कापसाचा बोळा ठेवतात. ड्रायव्हरच्या पाठीमागून निघालेला आवाज त्यात मुरतो, परत फिरत नाही. कापूस दाबून भरला तर तो स्वतःच भिंतीसारखा वागतो, म्हणून कमी भरणे हेच शहाणपणाचे. वाटीला हवा जाण्यासाठी फटी असतात. त्यांवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्या किती उघड्या ठेवावयाच्या, यावर खालच्या स्वरांचे प्रमाण बरेचसे ठरते. हा तुकडा नखाएवढा वाढवला तरी फरक ऐकू येतो. इथे घाई करणाऱ्याचे काम बिघडते.

आणि सर्वांत मोठा फरक गादीचा. टी५०आरपीच्या मूळ गाद्या काढून जाड, खोल गाद्या घातल्या की कान आत मोकळा राहतो, कडेने हवा निसटत नाही आणि खर्ज पहिल्यांदा आपल्या जागी येतो. वेळ थोडा आणि उत्साह बेताचा असेल, तर एवढा एकच बदल करून थांबावे. लाभाचा मोठा भाग त्यातच हाती येतो. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या महागड्या गाद्यांपैकी पुष्कळशा मेंढीच्या चामड्याच्या असतात, आणि वाटीत घालावयाचा नमदा बहुधा लोकरीचा. ज्या घरांत या वस्तू वर्ज्य आहेत, त्यांनी खरेदीपूर्वी वर्णन नीट वाचावे. कृत्रिम चामड्याच्या गाद्या हवा रोखण्यात कमी पडत नाहीत, आणि नमद्याचे काम कापूस करतोच.

डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल हा या कामातील खरा कस आहे. एका वाटीत चार ग्रॅम क्ले अधिक गेली, वा कापूस एकीकडे दाट बसला, तर गायक मध्यातून सरकून एका बाजूला उभा असल्यासारखा वाटतो. सराफाचा काटा इथे कामास येतो. दोन्ही बाजूंची क्ले व कापूस वजन करून घ्यावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि तो खातेवहीप्रमाणे तारीखवार लिहून ठेवावा: काय घातले, किती घातले, काय ऐकू आले. एकाच बैठकीत पाच बदल करणाऱ्यास कोणत्या बदलाने काय साधले हे कधीच कळत नाही.

ऐकण्याची परीक्षाही शिस्तीने घ्यावी लागते. दोन तास स्क्रू काढण्यात घालवल्यावर आवाज सुधारला असेच मनाला वाटते. शिवाय एक-दोन डेसिबलनी मोठा असलेला आवाज कानाला अधिक चांगला भासतो. म्हणून तुलनेपूर्वी दोन्हींची पातळी सारखी करून घेणे अपरिहार्य आहे. खर्जासाठी तानपुरा उत्तम. काळी एकच्या पट्टीत जुळवलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, पण जवारीमुळे तिच्या वरच्या सुरांचा पसारा कितीतरी उंच जातो. चांगल्या हेडफोनवर तळ आणि झणकार दोन्ही एकाच तारेतून आलेले वाटतात. वाटी घुमत असेल, तर झणकार तारेपासून सुटून वेगळाच तरंगतो. त्यानंतर डग्ग्याची मींड ऐकावी. ती मध्येच एका ठिकाणी फुगली, तर वाटीतील तो स्वर अजून शमलेला नाही असे समजावे.

दुसरा पर्याय चिनी हायफायमॅन कंपनीचा एचई४००एसई. फांग बियान यांनी स्थापिलेल्या या कंपनीने २०२१ मध्ये तो दीडशे डॉलरच्या आतबाहेर आणला आणि स्वस्त प्लॅनरचा अर्थच बदलला. तो पाठीमागून पूर्ण उघडा आहे. पाठचा आवाज अडतच नाही, म्हणून वाटी घुमण्याचा प्रश्न मुळातच कमी. मूळ स्थितीत तो टी५०आरपीपेक्षा निःसंशय अधिक सरळ व मोकळा ऐकू येतो. त्यात कापूस भरण्यासारखे काही नाही. गादी बदलणे एवढेच हातात राहते. उणीव म्हणाल तर अगदी खालचे स्वर किंचित हलके, आणि दुसरी उणीव सामाजिक: कानावरचे गाणे खोलीतल्या सर्वांना ऐकू जाते. एकत्र कुटुंबात, वा दुकानाच्या गल्ल्यावर, हा हेडफोन चालणार नाही. तिथे अर्धबंद टी५०आरपी, किंवा त्याच मालिकेतील बंद वाटीचा टी४०आरपी, हेच बरे. शांत खोली आणि एकान्त असेल, तर मात्र एचई४००एसई घेऊन खटपटीच्या वाटेस न जाणे हा अधिक समजूतदार सौदा ठरतो. त्याचाच थोरला भाऊ सुंदारा अधिक तपशील देतो, परंतु ते अंतर किमतीच्या अंतराएवढे नाही.

अॅम्प्लिफायरचा हिशेब कागदावर मांडला की निम्मी भीती जाते. एचई४००एसईची नोंदलेली संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९१ डेसिबल, रोध ३२ ओहम. दर १० डेसिबलला दसपट शक्ती लागते. १०० डेसिबलच्या क्षणिक उंचीसाठी सुमारे ८ मिलिवॅट, म्हणजे अर्धा व्होल्ट पुरतो. ११० डेसिबलसाठी ८० मिलिवॅट, म्हणजे १.६ व्होल्ट. एक व्होल्ट देणारा साधा डोंगलही नेहमीच्या ऐकण्यास पुरेसा आहे. गरज वाढते ती दोन कारणांनी. टी५०आरपीच्या जुन्या आवृत्त्या ५० ओहमच्या आहेत, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टमध्ये त्यांना कमी शक्ती मिळते. आणि इक्वलायझरने खर्ज ६ डेसिबल वाढवला की त्या स्वरांपुरती शक्ती चौपट लागते. हेडफोनच्या किमतीहून महाग अॅम्प्लिफायर या दोहोंपैकी कोणत्याच हेडफोनला लागत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

इक्वलायझरविषयी हौशी मंडळींत विनाकारण अनास्था आहे. संगणकावर इक्वलायझर एपीओसारखी साधने विनामूल्य मिळतात. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीचा अभ्यास करून हेडफोनसाठी जी आदर्श रेषा सुचवली, तिच्याजवळ जाणे प्लॅनरला सोपे जाते. कारण विकृती मुळातच कमी असल्याने खर्ज वाढवला तरी तो फाटत नाही. मात्र वाटीचा घुमारा इक्वलायझर पूर्णपणे पुसू शकत नाही, आणि निसटत्या गादीचा खर्ज तर नाहीच. आधी क्ले, कापूस व गादी, मग इक्वलायझर, हाच क्रम योग्य.

हेडफोन उघडण्यापूर्वी दोन धोके जाणून घ्यावेत. आतील चुंबक बलवान असतात. स्टीलचा स्क्रू-ड्रायव्हर हातातून निसटून थेट ड्रायव्हरवर जाऊन आदळतो, आणि पापुद्र्याला छिद्र पडले की त्यावर इलाज नाही. लोखंडाची कणी आत गेली तर ती कायमची करकरत राहते. म्हणून टेबल स्वच्छ पुसून, ड्रायव्हर कागदाने झाकूनच काम करावे. उघडलेल्या हेडफोनची हमी बहुधा संपते, आणि घरी सुधारलेला हेडफोन विकावयास काढला तर गिऱ्हाईक मूळ अवस्थेतील हेडफोनपेक्षा कमीच भाव देते. हा तोटा आधीच वहीत धरावा. कापूस, क्ले व गाद्यांचा खर्च किरकोळ आहे. खरी रक्कम त्या हमीत आणि एका रविवारच्या दुपारीत गुंतलेली असते.

विकृती कमी असलेल्या हेडफोनचा एक छुपा धोका असा की मोठा आवाज मोठा वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे; दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला जेमतेम चार तास. मुलाने हेडफोन घेतला की फोनवरील आवाजाची कमाल मर्यादा त्याच दिवशी बसवून टाकावी. गादी नीट बसली असेल, तर बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे बंद हेडफोनवर तसाही कमी आवाज पुरतो.

गाद्यांतील फोम वर्ष-दोन वर्षांत दबतो. तेव्हा खर्ज हळूहळू पातळ होत जातो आणि दोष ड्रायव्हरचा समजून लोक नवा हेडफोन शोधू लागतात. वहीत पहिल्या दिवशीच्या नोंदी असतील, तर नव्या गाद्या घालून तोच आवाज परत मिळतो की नाही हे अर्ध्या तासात पडताळता येते.