शेवटची दोन मिनिटं कोणी शिकवायची?



तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आटोपल्या की शाळाशाळांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खेळ चांगला झाला हो, पण पोरं शेवटी घाबरली." कबड्डी एका गुणाने गेली, घाबरली. वक्तृत्वात शेवटचा परिच्छेद आठवला नाही, घाबरला. येत असलेली दोन गणितं वेळेअभावी राहिली, घाबरली. हे कारण मोठ्यांना फार सोयीचं आहे. स्वभावाला औषध नाही असं म्हटलं की शिक्षकाला आणि पालकाला पुढे करण्यासारखं काही उरतच नाही.

मला हे पटत नाही. अटीतटीच्या वेळी कसं वागायचं हा शिकवायचा विषय आहे, आणि तो वेगळा काढूनच शिकवावा लागतो असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी आज एका बास्केटबॉल संघाचं उदाहरण घेते. संघ अमेरिकेतला आहे, पण यातला धडा आपल्या पहिली ते पाचवीच्या वर्गालाही लागू पडतो.

ताकद होती, यात शंकाच नाही

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत साधारणपणे ८२ सामने खेळतो. सामना १२-१२ मिनिटांच्या चार भागांचा असतो, आणि बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ देतात.

२०१० च्या उन्हाळ्यात मायामी हीट या संघात तीन मोठे खेळाडू एकत्र आले. ड्वेन वेड तिथलाच. त्याने २००६ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं होतं. टोरांटोहून क्रिस बॉश आला. क्लीव्हलँडहून आलेला लेब्रॉन जेम्स हा तर आधीच्या सलग दोन हंगामांत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. हंगाम सुरू होण्याआधीच मायामीत जल्लोष झाला. एक-दोन नव्हे, ओळीने कितीतरी विजेतेपदं जिंकू, अशी भाषा खुद्द लेब्रॉनने केली.

सुरुवातीच्या सामन्यांत ताकद दिसलीही. ओरलँडोला त्यांनी ९६-७० असं हरवलं, न्यू जर्सीला १०१-७८, मिनेसोटाला १२९-९७, फिनिक्सला १२३-९६. बचाव भक्कम, चेंडू हिसकावला की वाऱ्यासारखी धाव, आणि समोरचा सावरायच्या आत दहा-पंधरा गुणांची आघाडी. आपल्या भाषेत सांगायचं तर घटक चाचणीत पैकीच्या पैकी.

आणि तरीही १७ सामन्यांत ८ पराभव

आता दुसरी बाजू बघा. २६ ऑक्टोबर २०१० ला बोस्टनमध्ये पहिलाच सामना ८०-८८ असा गेला. न्यू ऑर्लिन्सशी तीन गुणांनी हरले, ९३-९६. युटाविरुद्ध एके वेळी २२ गुणांची आघाडी होती. पण पॉल मिलसॅपने शेवटच्या अर्ध्या मिनिटात गुणांचा पाऊस पाडला, सामना जादा वेळेत गेला आणि मायामी ११४-११६ असं हरली. मिलसॅपचे एकट्याचे ४६ गुण झाले! मग मेम्फिसमध्ये ९५-९५ अशी बरोबरी असताना रुडी गेने अगदी शेवटच्या क्षणी, तेही लेब्रॉनच्या डोक्यावरून, चेंडू टाकला. ९५-९७.

२७ नोव्हेंबरला डॅलसशी हरल्यावर हिशोब झाला ९ विजय, ८ पराभव. सगळेच पराभव काही थोडक्यात झाले नव्हते. इंडियानाशी तर १६ गुणांनी हरले. पण ठळक गोष्ट ही, की जिंकले तेव्हा ऐसपैस जिंकले, नऊपैकी एकही विजय आठपेक्षा कमी गुणांनी नव्हता. सामना दोन-तीन गुणांवर आला की मात्र हातातून निसटत होता.

लोकांनी काय म्हणावं? तेच, जे आपण म्हणतो. "लेब्रॉनमध्ये दम नाही." "शेवटी कच खातो." तरुण प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा यांना बदला अशीही कुजबुज सुरू झाली. व्यवस्थापनाने त्यांना बदललं नाही, हे बरंच झालं.

मोठे विजय काय शिकवत नाहीत?

शिक्षक म्हणून मला इथे विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. तीस गुणांनी जिंकताना संघ बरंच काही शिकतो, पण एक गोष्ट शिकतच नाही. बरोबरी असताना दहा सेकंद उरली की चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? उरलेल्यांनी कुठे उभं राहायचं? पहिला बेत फसला तर दुसरा कोणता? हे प्रश्न मोठ्या विजयात येतच नाहीत. मग उत्तरं तयार असणार कशी?

मायामीत तर अडचण दुप्पट होती. लेब्रॉन आणि वेड दोघेही आपापल्या संघात शेवटचा चेंडू स्वतः खेळण्याची सवय असलेले. त्यात वेडचा पाय दुखावल्याने हंगामापूर्वीच्या बहुतेक सराव सामन्यांत तो नव्हताच. म्हणजे दोघांना एकत्र खेळायला वेळच मिळाला नव्हता. आपण वर्गातली दोन हुशार मुलं एका गटात बसवतो आणि प्रकल्प अडकतो, कारण दोघांनाही सांगायची सवय, ऐकायची कोणालाच नाही. तसंच हे.

त्यानंतर संघ सावरला. पुढच्या २२ पैकी २१ सामने जिंकले! पण म्हणून दुखणं गेलं का? नाही. ६ मार्च २०११ ला शिकागोकडून ८६-८७ असा एका गुणाने पराभव झाला आणि काही खेळाडूंना रडू आवरलं नाही, असं स्वतः प्रशिक्षकांनी पत्रकारांना सांगितलं. साखळी संपली तेव्हा ५८ विजय, २४ पराभव. अंतिम फेरीत पुन्हा डॅलस समोर. दुसऱ्या सामन्यात शेवटची सातेक मिनिटं उरलेली, मायामीकडे १५ गुणांची आघाडी, आणि हरले ९३-९५. विजयी बास्केट केली डर्क नोविट्झकीने, दुखावलेल्या डाव्या हाताने. अंतिम फेरी डॅलसने ४-२ अशी जिंकली.

सरासरी वाढली म्हणजे शेवट सुधारतोच असं नाही, हे यातून मी घेते. पाढे पाठ झाले, वाचनाचा वेग वाढला, सगळं छान. पण वेळ संपत आल्यावर काय करायचं हा धडा वेगळाच असतो आणि तो आपोआप येत नाही.

थोडा न्यायही करूया

इथे एक सावधगिरी हवी. एका गुणाने लागलेल्या निकालात नशिबाचा वाटा असतोच. रुडी गेचा चेंडू बोटभर इकडे तिकडे झाला असता तर त्या रात्री कोणी लेब्रॉनच्या हिमतीवर बोललं नसतं. खेळ तोच, खेळाडू तेच, फक्त आपलं मत बदललं असतं. म्हणून एका निसटत्या निकालावरून मुलाला 'भित्रा' किंवा 'लढवय्या' अशी पाटी चिकटवू नये. ४९ गुण मिळवणारा आणि ५० मिळवणारा यांच्यात खरोखर किती अंतर असतं, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्याला नाही कळणार तर कोणाला?

निकाल हातात नसतो, तयारी असते. आणि तयारीची उत्तम गोष्ट याच संघात पुढे घडली.

कोपऱ्यातला तो चेंडू

मायामीने २०१२ मध्ये विजेतेपद मिळवलं. त्यानंतर रे ॲलन नावाचा अनुभवी खेळाडू संघात आला. १८ जून २०१३, अंतिम फेरीचा सहावा सामना, समोर सॅन अँटोनियो. हरले तर हंगाम संपला. २८ सेकंद उरली होती आणि मायामी पाच गुणांनी मागे. मैदानाभोवती विजेत्यांच्या समारंभासाठी दोरी लावायला सुरुवातही झाली होती.

लेब्रॉनने एक तीन गुणांची बास्केट केली. पुढच्या वेळी त्याचा नेम चुकला. चेंडू बॉशने उडी मारून पकडला आणि कोपऱ्याकडे दिला. रे ॲलन पाठमोरा मागे पळत, पायाखालच्या रेषेकडे न बघता, नेमका तीन गुणांच्या रेषेबाहेर पोहोचला होता. चेंडू घेतला, टाकला, आत! पाच सेकंद उरली असताना ९५-९५. जादा वेळेत मायामी १०३-१०० अशी जिंकली आणि सातवा सामना जिंकून पुन्हा विजेती ठरली.

लोक म्हणाले, चमत्कार. पण ॲलन हा प्रसंग वर्षानुवर्षं सरावात घडवून आणत होता. जमिनीवर आडवं पडायचं, उठायचं, उलट्या पावलांनी कोपऱ्यात पळायचं आणि मिळेल तसा चेंडू टाकायचा. तोल गेलेला असताना काय करायचं, याचा सराव त्याने तोल शाबूत असताना केला होता. मला वाटतं, शिक्षणशास्त्रातला एक अख्खा पाठ या एका सरावात आहे.

आणि हेही लक्षात घ्या. त्याच शेवटच्या अर्ध्या मिनिटात सॅन अँटोनियोच्या दोन कसलेल्या खेळाडूंची एकेक फ्री थ्रो हुकली. म्हणजे समोर कोणी आडवं नसताना टाकायचा साधा चेंडू! दडपण मोठमोठ्यांनाही येतं. सरावाने भीती जात नाही, पण भीती असतानाही हातपाय काम करत राहण्याची शक्यता वाढते. मुलांनाही हेच सांगायला हवं. "घाबरू नकोस" हा सल्ला निरुपयोगी आहे. "घाबरलास तरी आधी हे कर" हा सल्ला कामाचा.

मग शाळेत काय करता येईल?

यातलं काहीच खर्चिक नाही.

१. खेळाच्या तासाला रोज पूर्ण डाव खेळवू नका. आठवड्यातून एकदा फक्त शेवट खेळवा. फळ्यावर गुण लिहा, २१-२०, एक मिनिट बाकी. कबड्डीत एका गुणाने पुढे असताना शेवटची चढाई आली तर गुण आणायची हाव नको. निदान रेषा ओलांडून सुखरूप परत यायचं, एवढंच काम. हे मुलांना सांगून समजत नाही, दहा वेळा खेळून समजतं. मग बाजू बदला. आता एका गुणाने मागे आहात, काय कराल?

२. सराव चाचणीत अधूनमधून पेपरची फक्त शेवटची दहा मिनिटं घ्या. चार प्रश्न, वेळ अपुरा. आधी कोणता सोडवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे मुलांनी ठरवायचं. उत्तरांपेक्षा या निवडीवर वर्गात चर्चा करा.

३. भाषणाच्या तयारीत मुलाला मध्येच थांबवा आणि विचारा, "इथे विसरलास तर कुठून सुरू करशील?" प्रत्येक भाषणात असं एक परतीचं वाक्य ठरलेलं असू द्या.

४. गटकामात, संघात, शेवटी कोण काय करणार हे आधीच ठरवा. आणि दरवेळी त्याच हुशार मुलाला शेवटची संधी देऊ नका. सहाव्या सामन्यात चेंडू लेब्रॉनच्या हातून नाही, ॲलनच्या हातून गेला होता. कोपऱ्यात उभं राहणाऱ्यालाही तयार ठेवावं लागतं.

काहीजण म्हणतील, "मॅडम, एवढ्याशा मुलांवर कशाला दडपण?" प्रश्न रास्त आहे. पण दडपण येतंच. स्पर्धेत, परीक्षेत, पाहुण्यांसमोर कविता म्हणतानासुद्धा. वर्गात, हसतखेळत, हरलं तरी काही बिघडत नाही अशा वातावरणात त्याची ओळख झालेली बरी की पहिल्यांदाच तालुक्याच्या मैदानावर शेकडो लोकांसमोर? खेळ म्हणून घेतलं तर मुलांना यात मजाच येते. "बाई, आज शेवटचं मिनिट घ्या ना," असा हट्ट माझ्या चौथीच्या वर्गात नेहमीचा आहे.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. मूल थोडक्यात हरून घरी आलं की "शेवटी काय झालं तुला?" असं विचारू नका. या प्रश्नात आरोप आहे. त्याऐवजी जेवण झाल्यावर, मन निवल्यावर विचारा, "शेवटचं मिनिट पुन्हा मिळालं तर काय करशील?" मूल काय उत्तर देतं ते नीट ऐका. पुढच्या सरावाची सुरुवात तिथूनच करता येईल.

मायामीचे ते सुरुवातीचे १७ सामने मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. ताकद असलेल्यांनाही शेवट शिकावा लागतो आणि शिकायला वेळ लागतो. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला तो वेळ मिळाला. आपल्या दहा वर्षांच्या मुलांना आपण तो देणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.