ओसाडपणाचे मोल

‘नाहीतरी तिथं होतं काय? वाळू आणि दगड!’ तांबड्या समुद्राच्या काठी उभ्या राहणाऱ्या पर्यटननगरांविषयी वर्गात चर्चा निघाली, तेव्हा एका मित्राने हा सवाल टाकला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मी तो समुद्र पाहिलेला नाही, पाहण्याचा योगही दिसत नाही. पण भूगोलाची विद्यार्थिनी या नात्याने मला त्या ‘नाहीतरी’वर हरकत घ्यायची आहे.

तांबड्या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. इजिप्तच्या किनाऱ्यावरील हुरघाडा येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा काही मिलिमीटर. आपल्या कोकणात पावसाळ्यात सावित्री-वाशिष्ठी तांबडी माती घेऊन समुद्राला मिळतात आणि खाडीच्या मुखाशी पाणी गढूळ होते. तिथे गाळ आणणारे कोणी नाही. म्हणून पाणी काचेसारखे नितळ, म्हणून सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, आणि प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला तो प्रकाश हवाच असतो. प्रवाळांच्या रांगा तिथे किनाऱ्याला अगदी खेटून वाढल्या त्या यामुळे. जमीन ओसाड आहे म्हणूनच समुद्र फुललेला आहे! दूरदूरचे प्रवासी जे पाहायला येतात, ते या ओसाडपणाचेच देणे आहे.

आता विकासाने काय केले ते पाहू. हुरघाडा हे विसाव्या शतकाच्या आरंभी कोळ्यांचे लहानसे गाव होते. १९८० नंतर तिथे हॉटेलांची रांग लागली. पण किनाऱ्यालगत प्रवाळाचा उथळ खडक. पाहुण्यांनी पोहायचे कुठे? तेव्हा जागोजागी तो खडकच भराव घालून बुजविला आणि वर वाळू पसरली. लाटांनी त्या भरावाची माती धुऊन नेली आणि ती शेजारच्या जिवंत प्रवाळावर बसली. नदीने जे कधी केले नव्हते ते कंत्राटदारांनी करून दाखविले! १९९४ च्या पर्यावरण कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत परवानगीशिवाय बांधकामाला मनाई केली. तोवर कितीतरी इमारती उभ्या राहिल्या होत्या. पाणबुड्यांना घेऊन जाणाऱ्या होड्यांचे नांगर प्रवाळावर आदळत, त्याला आळा घातला तो १९९२ मध्ये तिथल्याच पाणबुड्या मंडळींनी स्थापलेल्या ‘हेप्का’ या संस्थेने. तिने समुद्रात बांधणीचे तरंगते पिंप सोडले, होड्या त्यांना बांधल्या जाऊ लागल्या. उपाय साधाच होता, पण तो सुचला समुद्रात उतरणाऱ्यांना.

पाण्याची कथा तर याहून विचित्र. समुद्राच्या काठावर पोहण्याचे तलाव, वाळवंटात गोल्फची हिरवळ! गोडे पाणी करायचे ते समुद्राचेच पाणी गाळून. शंभर लिटर पाण्यातून साधारण चाळीस लिटर गोडे पाणी मिळते. उरलेले दुप्पट नसले तरी त्या सुमाराला खारट झालेले पाणी पुन्हा समुद्राकडेच जाते. तांबडा समुद्र मुळातच इतर समुद्रांहून खारट, याचा विसर पडायला नको.

‘पण पोटाचे काय?’ असे विचारणाऱ्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. इजिप्तची लोकसंख्या दहा कोटींच्या पुढे गेलेली, परकीय चलनाची चणचण कायमची. पर्यटनाने लाखो घरांत चूल पेटते. मात्र सिनाईच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे, उंट पाळणारे बदावी या भरभराटीत बहुतांशी कडेलाच राहिले. हॉटेलांत नोकऱ्या लागल्या त्या मुख्यतः नाईलकाठच्या माणसांना. शिवाय हे एकपिकी शेतासारखे आहे. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी शर्म अल-शेखहून निघालेले रशियन विमान पडून २२४ माणसे गेली. त्यानंतर ब्रिटनने तिथली विमानसेवा सुरू करण्यास २०१९ पर्यंत आणि रशियाने २०२१ पर्यंत वेळ घेतला. मधल्या काळात २०२० ची साथ. रिकाम्या खोल्यांचे गाव काही मासेमारीवर जगू शकत नाही.

पलीकडच्या सौदी किनाऱ्यावर आता याहून मोठे बेत आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘निओम’ नगरासाठी हुवैतात जमातीची गावे उठविण्यात आली. घर सोडण्यास जाहीर नकार देणारे अब्दुल रहीम अल-हुवैती एप्रिल २०२० मध्ये सुरक्षादलांच्या गोळीला बळी पडले. (त्यांनीच आधी गोळी झाडली, असे सरकारचे म्हणणे.) ‘तिथं होतं काय’ या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे तिथे होती, एवढे तरी यावरून दिसते.

त्याच वर्षी जाहीर झालेल्या दुसऱ्या, ‘तांबडा समुद्र’ याच नावाच्या प्रकल्पाने मात्र काही नव्या गोष्टी कबूल केल्या आहेत. नव्वदहून अधिक बेटांपैकी बावीसच बेटांवर बांधकाम, वीज सूर्याची, आणि वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाहुणे नाहीत. २०२३ पासून तिथे पाहुणे येऊ लागले आहेत. हे आकडे ऐकायला फार गोड आहेत. घातलेले भांडवल वसूल करण्याची घाई सुरू झाल्यावरही ही दहा लाखांची मर्यादा टिकली, तर माझे मत बदलायला मी तयार आहे.