घरचा ठेवा कोणाच्या कोठीत?

गेल्या महिन्यात परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेचा घाबऱ्या आवाजात दूरध्वनी आला. "दादा, माझी जागा भरली म्हणे. पैसे भरले नाहीत तर यापुढे ई-मेल येणार नाहीत, असा निरोप आलाय. मी तर महिन्याला दोन-तीनच पत्रं लिहिते हो!" घरी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. जागा पत्रांनी भरलीच नव्हती. नातवाच्या मुंजीचे चित्रण, रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले, यजमानांच्या शस्त्रक्रियेचे अहवाल, घराच्या खरेदीखताची प्रत असे सारे त्या एकाच खात्यात साठत गेले होते. त्याच गर्दीत त्यांच्या सासूबाईंनी अखेरच्या आजारपणात म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही होते. पंचेचाळीस मिनिटांचे ते मुद्रण दुसरीकडे कुठेही नव्हते. ज्या भ्रमणध्वनीवर ते केले, तो केव्हाच मोडीत गेला होता.

बाईंचा प्रश्न साधा होता, "मग आता कुठली कंपनी चांगली?" असा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायला हवेच. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या कुटुंबाची स्मृती आपण कोणाच्या कोठीत, कोणत्या अटींवर ठेवली आहे?

ढग नव्हे, भाड्याची खोली

या सोयीला 'क्लाउड' म्हणजे ढग असे नाव आहे. नावामुळे वाटते की आपली छायाचित्रे कुठेतरी आकाशात, सर्वांच्या मालकीच्या जागी तरंगत आहेत. प्रत्यक्षात ती कोणा कंपनीच्या इमारतीतील संगणकांवर असतात. त्या इमारतीला दार आहे, मालक आहे आणि ती ज्या भूमीवर उभी आहे तेथील कायदाही आहे. म्हणजे ही भाड्याची खोली झाली. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. मात्र भाडेकरूने आपण मालक आहोत असे समजू नये, इतकेच.

खोल्यांचे आकार पाहू. गुगल १५ जीबी जागा मोफत देते. पण तीच जागा ई-मेल, छायाचित्रे आणि फाइली या तिघांत वाटली जाते. २०२४ पासून अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांची राखीव प्रतही याच १५ जीबीत मोजली जाऊ लागली. अनेकांची जागा एकाएकी भरली, त्याचे हे एक मोठे कारण. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह आणि अ‍ॅपलचे आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात. या व्यवसायातील जुन्या कंपन्यांपैकी ड्रॉपबॉक्स केवळ २ जीबी देते, तर न्यूझीलंडची मेगा २० जीबी. ज्याचा सारा कारभार आयफोनवर आहे त्याला आयक्लाउड सोयीचे, जो वर्ड-एक्सेलमध्ये काम करतो त्याला वनड्राइव्ह आणि सर्वसाधारण अँड्रॉइड वापरणाऱ्याला गुगल. सोयीपुरते बोलायचे तर निवड इतकी सोपी आहे.

किल्लीचा विचार मात्र याहून महत्त्वाचा. मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या सेवेत आपल्या फाइली सांकेतिक रूपात ठेवल्या जातात खऱ्या. पण ते कुलूप उघडण्याची किल्ली कंपनीकडेही असते. मेगा आणि स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन ड्राइव्हची रचना वेगळी आहे. तेथे किल्ली फक्त ग्राहकाकडे असते. कंपनीला आत डोकावता येत नाही. पण परवलीचा शब्द आणि तो परत मिळवण्याचा संकेत असे दोन्ही हरवले, तर कंपनीही काही करू शकत नाही. विसरभोळ्या माणसाने या कुलपाच्या वाटेला जपूनच जावे.

फुकटाचा अनुभव

'मोफत' या शब्दाचा अनुभव काय सांगतो? २०१५ मध्ये गुगलने छायाचित्रांसाठी अमर्याद मोफत जागा देऊ केली. जगभरच्या कुटुंबांनी आपले अल्बम तेथे रिते केले. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. मायक्रोसॉफ्टने पैसे भरणाऱ्या ग्राहकांना अमर्याद जागेचे आश्वासन दिले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते मागे घेतले आणि मोफत जागाही १५ जीबीवरून ५ वर आणण्याचे जाहीर केले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. दिवंगत वडिलांचे खाते 'असू दे तसेच' म्हणून ठेवून देणाऱ्या मुलांनी याची नोंद घ्यावी.

यात कोणी फसवणूक केली, असे आमचे म्हणणे नाही. व्यापारी व्यापार करतो. आधी सवय लावावी, मग दाम सांगावा, ही बाजारपेठेची जुनी रीत आहे. दोष आपल्या भाबडेपणाचा आहे.

कायदा कोणाचा?

खरी मेख येथे आहे. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये 'क्लाउड' याच संक्षिप्त नावाचा कायदा केला. त्यानुसार आपल्या अधिकारक्षेत्रातील कंपनीकडे असलेली माहिती, ती जगात कोठेही साठवलेली असो, अमेरिकी यंत्रणा कायदेशीर आदेशाद्वारे मागू शकतात. म्हणजे संगणक मुंबईत असला तरी कंपनी अमेरिकी असल्यास प्रश्न सुटत नाही. सरकारच्या दडपणापुढे मातब्बर कंपनीही कशी नमते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. तेथील सरकारच्या मागणीनंतर अ‍ॅपलने आयक्लाउडचे सर्वांत कडेकोट कुलूप ब्रिटिश ग्राहकांना देणेच थांबवले.

आपल्या देशातील उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. गुजरातमध्ये वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. भारताने ते निर्बंध मान्य केलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. पैसे भरलेले, भारतीय कायद्याचे उल्लंघन नाही आणि तरी स्वतःच्याच ई-मेलला कुलूप! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या उद्योगाला न्यायालयाचे दार ठोठावता आले. निवृत्त शिक्षिकेने कोणाचे दार ठोठवावे?

स्वदेशीचा अर्थ

मग स्वदेशी पर्याय नाहीत का? आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेले डिजिलॉकर प्रत्येक कुटुंबाने वापरलेच पाहिजे. वाहनपरवाना, गुणपत्रिका यांसारखे जे दस्तऐवज संबंधित कार्यालय थेट त्यात पाठवते, ते कायद्याने मूळ प्रतीच्या तोडीचे मानले जातात. आपण स्वतः चढवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नाही आणि त्यासाठी जागाही १ जीबीच आहे. ते कागदपत्रांचे कपाट आहे, छायाचित्रांचे नव्हे. श्रीधर वेम्बू यांच्या झोहो कंपनीची वर्कड्राइव्ह ही सेवा मुख्यतः कार्यालयांसाठी आणि गटांसाठी घडवलेली असली, तरी तिने भारतीय कंपनीची क्षमता सिद्ध केली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ई-मेल पत्ता झोहोवर नेल्याचे जाहीर केले, ते यामुळेच अर्थपूर्ण ठरते.

परंतु स्वदेशी म्हणजे केवळ शिक्का नव्हे. रिलायन्सने ऑगस्ट २०२४ मध्ये जिओ ग्राहकांना १०० जीबीपर्यंत मोफत जागा देण्याची घोषणा केली, तेव्हा स्वागतच झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच जिओने पात्र ग्राहकांना गुगलची कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा आणि तिच्यासोबत २ टीबी जागा अठरा महिने मोफत देऊ केली. दुकान भारतीय, कोठी परदेशी! एकोणिसाव्या महिन्यात काय, हे ग्राहकाने आजच विचारून ठेवावे.

आणि कोठी आपल्याच सरकारची असली तरी काळजी संपते का? दक्षिण कोरियाने हा धडा फार मोठ्या किमतीत घेतला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टीबींचा साठा भस्मसात झाला. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या त्या देशाने या साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. स्वामित्व आपले असावे हे खरे. पण स्वामित्वासोबत दक्षताही आपलीच लागते.

एकाच ठिकाणी नको

ही दक्षता आपल्या समाजाला नवी नाही. वेदांचे जतन पूर्वजांनी कोणत्या कोठीत केले? संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा अनेक पाठांतून तेच मंत्र निरनिराळ्या रीतीने कंठस्थ केले गेले. एका पाठातील चूक दुसऱ्या पाठाने उघडी पडावी, अशी ती योजना. या वेदपठण परंपरेचा गौरव युनेस्कोने २००३ मध्ये केला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरीही तरली, असे परंपरा सांगते. भाविकाने त्यात विठ्ठलाची कृपा पाहावी. आम्हाला त्या कृपेत सामान्य माणसांच्या मुखी वसलेले अभंगही दिसतात. जे अनेकांकडे असते, ते एका डोहात बुडत नाही.

आजचे जाणकारही हेच सांगतात. तीन प्रती ठेवा, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि त्यांतील एक घराबाहेर ठेवा. कुटुंबाच्या पातळीवर हे अगदी सोपे आहे. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी स्वतंत्र हार्ड डिस्कवर आणि तिसरी आपल्याला परवडेल त्या क्लाउडवर. खरेदीखत, मृत्युपत्र, वैद्यकीय अहवाल अशा खासगी फाइली क्लाउडवर ठेवण्यापूर्वी त्यांना स्वतःचे कुलूप लावावे. वर्षातून एक दिवस ठरवावा. दसऱ्याला शस्त्रे-अवजारे पुसतो, सरस्वती पुजतो, त्याच दिवशी हार्ड डिस्क जोडून फाइली उघडतात की नाही ते पाहावे. सुप्रभाताच्या फुलांचे विसर्जनही त्याच दिवशी करावे.

आणखी एक विषय घरात निःसंकोच बोलावा, तो म्हणजे आपल्या पश्चात काय? गुगल आणि अ‍ॅपल या दोघांकडेही खात्याचा वारस नेमण्याची सोय आहे. आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही नामनिर्देशनाचा हक्क मान्य केला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बँकेत नामनिर्देशन करणारा मध्यमवर्ग या बाबतीत मात्र गाफील आहे.

कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत आपण संस्कारांविषयी बोलतो, ते योग्यच. पण आजीचा आवाज नातीपर्यंत पोहोचवणे हेही संस्काराचेच काम आहे आणि ते कोणत्याही कंपनीवर सोपवता येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही बाईंच्या सासूबाईंच्या ओव्या आधी उतरवून घेतल्या. एक प्रत त्यांच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर आणि एक पुण्यातील लेकीकडे गेली. मग त्यांनी विचारले, "आता कुठली कंपनी घेऊ?" म्हटले, "आता कुठलीही घ्या. ती उद्या बुडाली तरी ओव्या बुडणार नाहीत."